बियाण्यापासून बोन्साय : कोकणातल्या नवख्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिंचोका, करवंदाचं बी किंवा वडाचं पिकलं फळ यांतून बोन्साय घडवायचं असेल तर कोकण किनारपट्टीसारखी सोयीची जागा नाही. बारा महिने ऊब, हवेत ओल, पाऊस भरपूर. पण बोन्सायवरची बहुतेक माहिती थंड देशांतून आलेली आहे आणि ती इथे जशीच्या तशी लागू पडत नाही. आपल्याकडचे प्रश्न वेगळे आहेत: पावसाची झड, खारा वारा, एप्रिल-मेमधलं मचूळ पाणी, माकडं. पहिल्यांदाच बी लावणाऱ्यांकडून जे जे विचारलं जातं, त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

बोन्सायचं बी वेगळं असतं का? कुठे मिळतं?

वेगळं नसतं. बोन्साय ही झाडाची जात नव्हे. ज्या चिंचोक्यातून गावच्या वेशीवरची भलीमोठी चिंच उभी राहते, त्याच चिंचोक्यातून कुंडीतली चिंच होते. झाड लहान राहतं ते छाटणीमुळे, मुळं आवरल्यामुळे आणि उथळ कुंडीमुळे. उद्या तेच झाड कुंडीतून काढून वाडीत लावलं, तर ते पूर्ण वाढतं. म्हणून ‘बोन्साय सीड्स’ असं छापलेल्या पाकिटाला जास्त पैसे मोजायची काहीच गरज नाही.

ऑनलाइन मिळणारं जपानी मेपल, पाइन, ज्युनिपरचं किट घेऊ का?

किनाऱ्यावर राहत असाल तर घेऊ नका. या झाडांच्या बियांना रुजण्याआधी दोन-तीन महिने साधारण ४ अंशांची थंडी लागते. ती फ्रिजमध्ये ओल्या वाळूत ठेवून देता येते आणि काही बिया रुजतातही. अडचण त्यानंतर येते. मेपलला दर हिवाळ्यात पानं गाळून विसावा घ्यावा लागतो आणि आपल्याकडे जानेवारीतल्या पहाटेही पारा १८-२० अंशांच्या आसपास असतो. विसावा मिळाला नाही की झाड वर्षागणिक खंगत जातं. त्यात जून ते सप्टेंबर मुळांशी सतत ओल.

काही जाहिरातींत निळ्या पानांच्या मेपलचं बी विकतात. निळ्या पानांचा मेपल जगात कुठेच नाही.

मग पहिलं बी कोणतं लावावं?

चिंच. दुसरा विचार करू नका. चिंचेची पानं मुळातच बारीक पत्रकांची, त्यामुळे झाड हातभर असलं तरी प्रमाणात दिसतं. साल लवकर खरबरीत होते. छाटली की जोमाने फुटते. ऊन, वारा आणि एखाद्या दिवसाचा पाण्याचा खाडा सोसते. मार्च-एप्रिलमध्ये घरोघरी चिंच फोडतात तेव्हा चिंचोक्यांचा ढीग पडतो. चिंचेला मीठ लावायच्या आधी त्यातले मूठभर भरदार चिंचोके बाजूला काढले की झालं.

चिंचेच्या जोडीला करवंद लावा. पान लहान, काटे टोकदार, पांढरी सुवासिक फुलं आणि पुढे फळंही. करवंदाची वाढ संथ आहे, खोड जाड व्हायला वेळ घेतं, पण सड्यावरच्या कातळाच्या फटीत वर्षानुवर्षं तग धरणारं हे झुडूप कुंडीतल्या अडचणींना दाद देत नाही. बी मात्र ताजंच हवं. मेमध्ये करवंदं खाऊन झाली की बिया धुऊन दोन-चार दिवसांत पेराव्यात.

कुंती, म्हणजे कामिनी, हाही चांगला पर्याय आहे. लाल फळ चुरगळून गर धुवायचा आणि लगेच पेरायचं. विलायती चिंचेचं काळं बी आठवड्याभरात रुजतं, नवख्याला हुरूप येतो. पण तिच्या बारीक फांद्या अधूनमधून वाळतात, हे ठाऊक असू द्या. बकुळ देखणी होते, फक्त पहिली काही वर्षं फार सावकाश चालते.

रतांब्याबद्दल बरेचजण विचारतात, कारण मे महिन्यात आमसुलं घालताना बिया हाताशी असतात. रतांब्याची नवी पालवी लालसर आणि फार सुंदर असते, फांद्या लोंबत्या असतात, झाडाला आपसूक शंकूसारखा डौल येतो. त्याचं बी वाळलं की मरतं, म्हणून गर काढून लगेच लावायचं, आणि रुजायला महिनाभर किंवा जास्तही लागतो. नर झाड वेगळं, मादी वेगळं, आणि बियांपासून आलेल्या रोपांत निम्मी तरी नर निघतात. फळाच्या आशेने लावणार असाल तर हे मनात धरा.

आंबा, फणस, काजू, माड यांचं बोन्साय होतं का?

आंबा, फणस आणि काजूची पानं मोठी. छाटून ती थोडी लहान होतात, पण इतकी नाही की छोट्या खोडावर शोभतील. माडाला तर फांद्याच फुटत नाहीत आणि त्याचं खोड चिंचेसारखं वर्षागणिक जाडही होत नाही. कुंडीत नारळाचा शोभिवंत कोंब ठेवता येतो. पण छाटून, फांद्या घडवून झाडाला रूप देणं तिथे शक्य नाही.

चिंचोका नेमका कसा रुजवायचा?

चिंचोक्याचं कवच कठीण असतं, पाणी आत शिरत नाही. म्हणून आधी ते एका जागी झिजवायचं. चिंचोका चिमटीत धरून त्याची कड चिऱ्यावर किंवा पॉलिश पेपरवर घासा. शेंगेला जिथे तो चिकटलेला होता ते टोक सोडून द्या, कारण मूळ त्या बाजूने निघतं. तपकिरी चकाकी जाऊन आतला पांढुरका ठिपका दिसला की थांबायचं. मग साध्या पाण्यात रात्रभर ते चोवीस तास. सकाळी भांड्यात पाहिलंत तर काही चिंचोके तसेच गुळगुळीत असतील आणि काहींच्या सालीला आधी सुरकुत्या पडून नंतर ते फुगून चांगले मोठे झालेले असतील. फुगलेले पेरायचे, न फुगलेले पुन्हा थोडे घासून पाण्यात टाकायचे.

पेरताना दोन सेंटिमीटर खोल, आडवे. माती ओलसर राहील इतकंच पाणी. साधारण एक ते दोन आठवड्यांत जाड, वाकलेली मान मातीतून वर येते, दोन मांसल दलं उघडतात आणि त्यांच्या मधून पिसासारखी पहिली पानं निघतात. संध्याकाळी ही इवली पानंही मोठ्या चिंचेसारखी मिटतात. रोप सुकलं म्हणून तेव्हा घाबरून जास्तीचं पाणी घालू नका.

बहावा आणि गुलमोहराचं कवचही असंच टणक, त्यांनाही घासणं लागतंच.

वड-उंबराचं बी तर धुळीसारखं बारीक असतं. ते कसं लावायचं?

पिकून खाली पडलेलं फळ कुस्करून पाण्यात ढवळा. तरंगणारं फेकून द्या, तळाशी बसलेले बारीक कण ठेवा. ते मातीत पुरायचे नाहीत, कारण त्यांना उजेड लागतो. भिजलेल्या विटेचा किंवा जांभ्याचा सपाट तुकडा उथळ पाण्याच्या थाळीत ठेवायचा, त्यावर बिया पसरायच्या, वर पारदर्शक डबा उपडा घालायचा. तुकडा खालून पाणी ओढत राहतो आणि बियांना ओल मिळते. जुन्या भिंतींवर, विहिरीच्या कठड्यावर वड उगवतात ते याच रीतीने; पक्ष्याने फळ खाल्लेलं असतं आणि विष्ठेतून बी ओल्या फटीत पडलेलं असतं.

रोपं नखाएवढी झाली की टोकदार काडीने उचलून वेगळी करा. आणि एखादं रोप जांभ्याच्या दगडावरच बसवून पाहा. दगडाच्या डोक्यावर रोप, मुळं दगडावरून खाली सोडलेली, सुतळीने हलकी बांधलेली, आणि दगडासह सगळं मातीत पुरलेलं. पुढे दर वर्षी वरची थोडी थोडी माती काढत गेलं की दगडाला कवटाळून बसलेली मुळं उघडी होतात. जपानीत या प्रकाराला सेकिजोजू म्हणतात. जांभा सच्छिद्र, ओल धरणारा, त्यामुळे वडाची मुळं त्याला जशी घट्ट धरतात तशी गुळगुळीत नदीगोट्याला धरत नाहीत.

पेरणीचा योग्य काळ कोणता?

चिंचोके एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत, पडवीच्या कडेला, जिथे सकाळचं ऊन येतं. म्हणजे मृगाचा पाऊस येईपर्यंत रोपाला तीन-चार पानं झालेली असतात आणि मुळांचं पहिलं काम जुलैच्या दमट हवेत करता येतं. भर पावसात पेरलेलं बी कुजायचीच शक्यता जास्त. ही वेळ हुकली तर सरळ सप्टेंबरअखेरपर्यंत थांबा. करवंद, रतांबा, जांभूळ, बकूळ यांना मुहूर्त नाही. फळ हाती आलं की बी लावलं.

माती कोणती? अकाडामा मिळत नाही, काय करू?

अकाडामा ही जपानातली दाणेदार भाजकी दिसणारी माती. ती इथे आणायचा खर्च कशाला? आपल्या पायाखाली जांभा आहे. चिरेखाणीवर चिरे कापताना कपच्या आणि भुगा निघतो, तो बहुधा फुकट मिळतो. घरी आणून फोडा आणि दोन चाळण्या लावा: मोठ्या चाळणीतून पडेल आणि बारीक चाळणीवर राहील असा साधारण ज्वारीपासून हरभऱ्याएवढा खडा ठेवायचा. धूळ धुऊन टाकायची. ही पायरी कंटाळवाणी आहे, पण टाळू नका. तीच धूळ पावसाळ्यात कुंडीच्या तळाशी बसून छिद्रं बुजवते.

बाहेर कुंडी भिजणार असेल तर दोन भाग जांभ्याचा खडा आणि एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. उन्हाळ्यात ओल टिकावी म्हणून थोडी नारळाच्या सोडणाची, म्हणजे वरच्या तंतुमय सालीची, भुशी मिसळता येते, पण ती आधी दोन-तीनदा धुऊन घ्या, कारण तिच्यात क्षार असतात. समुद्राची वाळू कितीही धुतलेली असली तरी वापरू नका. शेतातली लाल माती एकटी वापरली तर पावसात चिखल आणि उन्हात वीट होते.

बी रुजवायला मात्र खत नको. बारीक जांभा आणि भुशी एवढं पुरे.

रोप छान आलं आणि दुसऱ्या दिवशी देठाशी कोलमडलं. असं का?

ही मर. बुरशीने होते. मातीच्या पातळीला देठ काळपट, पिचलेला दिसतो आणि रोप आडवं पडतं. पडलेलं रोप वाचत नाही. ते आणि त्याच्या भोवतीची माती काढून टाका. दाटीने पेरू नका, हवा खेळती ठेवा, वरचा थर सुकल्याशिवाय पुन्हा पाणी देऊ नका. ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी, कृषी सेवा केंद्रात सहज मिळतं, पेरणीच्या मिश्रणात ते मिसळणं चांगलं. लागण पसरत असेल तर कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ग्रॅम या प्रमाणात मातीत ओतावं. सुपारीवर फवारायला घरात बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) असतं, पण ते मोठ्या झाडाच्या ताकदीचं. कोवळ्या रोपावर तेच प्रमाण मारू नका.

सोटमूळ कापायचं म्हणतात. रोप मरणार नाही?

वेळेवर कापलं तर नाही मरत. आणि बियाण्यापासून बोन्साय करण्याचा सगळा फायदा या एका कामात आहे, म्हणून हे उत्तर लांब आहे.

बोन्साय पाहणारा आधी बुंधा पाहतो. खोड जमिनीला टेकतं तिथे मुळं चारही बाजूंना सारखी पसरलेली असली की लहानसं झाडही जुनं आणि भक्कम वाटतं. छाटकलमाला किंवा रोपवाटिकेतून आणलेल्या झाडाला ही मुळं एका बाजूला, वेडीवाकडी, गुंडाळलेली असतात, आणि ती नंतर सुधारणं कठीण. बियाण्याच्या रोपात मात्र पहिल्या मुळापासून सगळं आपल्या हातात असतं. पण चिंचेसारखं झाड आपणहून आडवी मुळं टाकत बसत नाही. त्याचा सगळा जोर एका सोटमुळात, सरळ खाली.

रोप बोटभर उंच झालं, खरी पानं तीन-चार आली की ढगाळ दिवस बघून ते हलकेच काढा. पाण्यात बुडवून मुळं धुवा. खोडापासून दोन-तीन सेंटिमीटरवर सोटमूळ धारदार ब्लेडने आडवं कापा. वरच्या भागात केसांसारखी आडवी मुळं असतील, ती सगळी ठेवा. मग उथळ भांड्यात जांभ्याचा थर, त्यावर मंगलोरी कौलाचा तळहाताएवढा सपाट तुकडा, आणि त्या कौलावर रोप. मुळं बोटांनी चक्राच्या आऱ्यांसारखी पसरवा आणि वर तीन-चार सेंटिमीटर मिश्रण घाला. रोप हलू नये म्हणून बाजूला काडी रोवून सैल बांधा. दोन-तीन आठवडे सावलीत. हवा दमट असल्यामुळे जुलैत हे काम सहज पचतं. मेच्या उन्हात केलं तर पानं करपतील.

खाली जायला कौल आडवं येतं, म्हणून मुळं बाजूंना धावतात. पुढच्या जूनमध्ये झाड काढून माती धुतलीत की कौलावर पसरलेली मुळं दिसतील. त्यातलं एखादं फार जाड झालं असेल तर आखूड करा, खाली वळलेलं असेल तर कापा, एकावर एक चढलेली असतील तर एक काढा. दरवेळी एकूण मुळांच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त काढू नका. सलग तीन पावसाळे हे केलं की बुंधा आयुष्यभरासाठी बसतो.

उथळ बोन्साय कुंडीत कधी लावू?

शेवटी. सगळ्यात जास्त घाई इथेच होते. उथळ कुंडीत वाढ मंदावते, आणि खोड जाड व्हायला तर वाढ लागते. काडीएवढ्या रोपाला सुबक ट्रेमध्ये बसवलं तर दहा वर्षांनीही ते जाडसर काडीच असेल. आधी झाडाला मोकळं वाढू द्यायचं, हातभर नव्हे, पुरुषभर. मग खाली कापायचं. नवीन फुटव्याला शेंडा करायचं. तो जाड झाला की पुन्हा थोडं वर कापायचं. असं करत खोडाला बुंध्याकडून शेंड्याकडे निमुळतेपणा येतो.

या वाढीच्या वर्षांसाठी आंब्याची जुनी लाकडी पेटी फार उत्तम. रुंद, उथळ, फळ्यांमध्ये फटी, पाणी थांबत नाही, मुळांना हवा लागते. आत डासांच्या जाळीचं अस्तर लावलं की मिश्रण वाहून जात नाही. आता पुठ्ठ्याचे खोके वाढलेत, तरी बागायतदारांकडे मांगरात जुन्या पेट्या पडलेल्या असतात. भाजी धुवायची प्लास्टिकची चाळणही चालते.

एकूण किती वर्षं लागतात?

चिंच किंवा वडाला जमिनीत वाढवलं तर चार-पाच वर्षांत मनगटाच्या जाडीकडे जाणारं खोड, सात-आठ वर्षांत बोन्साय म्हणावं असं झाड. फक्त कुंडीत वाढवलं तर त्याहून जास्त. करवंद आणि बकुळीला आणखी धीर धरावा लागतो.

लवकर काही पाहायचं असेल तर वडाची किंवा कुंतीची फांदी लावून छाटकलमाचं दुसरं झाड सुरू करा. त्यावर छाटणी आणि तार शिकता येते आणि बियाण्याच्या रोपाला सुखाने वाढता येतं.

आम्ही मुंबईत असतो. गावी फक्त गणपती, शिमगा आणि मेमध्ये जाणं होतं. जमेल का?

जमेल, आणि कधीकधी रोज कात्री घेऊन झाडापाशी बसणाऱ्यापेक्षा चांगलं जमेल. वाढीच्या वर्षांत झाडाला माणसाच्या हाताची गरजच कमी असते.

रोप पहिलं वर्ष मुंबईत खिडकीत वाढवा. दुसऱ्या वर्षी मेअखेर परसात, गडग्यापासून चार-पाच फूट सोडून, जमिनीत लावा. खाली पूर्ण कौल किंवा चिऱ्याची सपाट कपची ठेवायला विसरू नका. ती नसेल तर चिंचेचं सोटमूळ पाच वर्षांत असं खाली उतरतं की झाड काढताच येत नाही. पाऊस जोपासतो. गणपतीत आलात की खोडाला सावली करणारं गवत काढा, पण फांद्यांना हात लावू नका. शिमग्याला एकदा छाटणी. मेमध्ये कुदळीने भोवती गोल चर मारून लांब धावलेली मुळं तोडा आणि पाऊस लागेपर्यंत पाण्याची सोय करा. फेब्रुवारी ते मे आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी घालणारं कुणीतरी घरात किंवा शेजारी हवं, एवढीच अट. आणि गवत काढायला येणाऱ्यांना झाड दाखवून ठेवा, नाहीतर कोयता फिरेल. भोवती चार खुंट्या मारून त्यांना फडकं बांधलं की चटकन दिसतं.

पावसाळ्यात कुंड्या कुठे ठेवायच्या?

किनाऱ्यावर चार महिन्यांत अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. रोज भिजलं म्हणून चिंच किंवा वड मरत नाही. पाणी साचलं तर मरतो. कुंडी जमिनीवर टेकवू नका, दोन चिऱ्यांवर ठेवा, म्हणजे खालचं छिद्र मोकळं राहतं. संततधार लागली की एका बाजूला लाकडाचा तुकडा देऊन कुंडी तिरकी करा. जास्तीचं पाणी निघून जातं. पागोळ्यांखाली कधीच ठेवू नका. कौलांवरून पडणारी धार एका दुपारीत मुळं उघडी पाडते. वर्षाच्या आतलं रोप पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या आडोशाला, पण उजेडात.

मातीवर शेवाळ धरतं ते छान दिसतं. खोडावर चढू लागलं तर जुन्या दातांच्या ब्रशने काढा, साल कुजते. गोगलगायी रात्री कोवळे शेंडे खातात, टॉर्च घेऊन वेचणं हाच खरा उपाय. मीठ टाकू नका, ते मातीत उतरतं.

उन्हाळ्यात पानांच्या कडा जळतात. ऊन जास्त होतंय का?

ऊनही असेल, पण आधी पाणी चाखून बघा. खाडीजवळच्या बऱ्याच विहिरींचं पाणी एप्रिलनंतर मचूळ होतं. उथळ कुंडीत ते रोज घातलं की क्षार साठतात. मातीच्या कुंडीच्या काठावर पांढरी पुटं दिसतात आणि पानं टोकाकडून तपकिरी होतात. पावसाचं पाणी पिंपात साठवून ते कुंड्यांसाठी राखून ठेवा. तेवढी सोय नसेल तर निदान आठवड्यातून एकदा गोड पाण्याने कुंडी अशी भिजवा की खालून भरपूर पाणी वाहून जाईल.

समुद्रासमोर घर असेल तर खाऱ्या वाऱ्याचा थर पानांवर बसतो. संध्याकाळी झाड पाण्याने धुवावं. माडाच्या झापाचा आडोसा वारा अडवतो आणि दुपारची सावलीही देतो.

तार कधी, कशी बांधायची?

पहिल्या वर्षी नको. फांदी पेन्सिलीएवढी होण्याच्या आत, लवचीक असताना. ॲल्युमिनियमची तार घ्या, फांदीच्या साधारण एक तृतीयांश जाडीची, आणि ४५ अंशांच्या तिरक्या वेढ्यांनी गुंडाळा. पाऊस सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात बांधणं बरं. जूननंतर फांद्या इतक्या झपाट्याने भरतात की दोन-तीन आठवड्यांत तार सालीत रुतते आणि तो वळ वर्षानुवर्षं जात नाही. काढताना उलगडू नका, कटरने तुकडे करून काढा.

आकार कोणता द्यावा हे कळत नसेल तर देवगड किंवा वेळणेश्वरच्या बाजूला सड्याच्या कडेला जा आणि समुद्राकडच्या झाडांकडे नीट बघा. पावसाळी वाऱ्याने सगळ्या फांद्या समुद्राच्या उलट बाजूला लोटलेल्या, खोड झुकलेलं, वाऱ्याकडची बाजू ओकीबोकी. जपानी पद्धतीत याच रूपाला फुकिनागाशी असं नाव आहे.

वडाची पानं लहान होतच नाहीत. काय करू?

झाड वाढीच्या वर्षांत असेल तर काहीच नको, मोठी पानंच खोड जाड करतात. खोड तयार झाल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये, झाड निरोगी असेल तरच सगळी पानं देठ ठेवून कापा. चीक गळेल, तो पाण्याने पुसा, डोळ्यांना हात लावू नका. नवी पालवी आधीपेक्षा लहान येते. भरपूर ऊन मिळालं तर आणखी लहान. मात्र वडाचं पान चिंचेइतकं कधीच होणार नाही, म्हणून वडाचं बोन्साय मुळातच जरा मोठं, दोन-अडीच फुटांचं करावं.

दिवाणखान्यात टीपॉयवर ठेवता येईल?

पाहुणे आले तर एक-दोन दिवस. बाकी त्याची जागा बाहेर, निदान चार-पाच तास उन्हात.

माकडं कुंड्या उपटतात. उपाय?

वाढीच्या पेट्यांवर कोंबड्यांची जाळी ठोकून पिंजरा करावा. दुसरा टिकाऊ उपाय माझ्या पाहण्यात नाही. करवंदाच्या काट्यांमुळे ती त्याला सहसा हात लावत नाहीत, तेव्हा कडेच्या रांगेत करवंदं ठेवा.

झाडाला असं खुजं ठेवणं हा छळ नाही का?

हा प्रश्न मनापासून विचारला जातो, म्हणून उत्तरही तसंच. उपाशी ठेवून, तहानेलं ठेवून बोन्साय होत नाही. असं झाड मरतं. मुळं छाटली की नवी तंतुमुळं फुटतात आणि झाडाचं अन्नपाणी तीच घेतात. दर दोन वर्षांनी ताजी माती, वेळेवर खत, रोज कुणीतरी पानन् पान निरखतंय, एवढी काळजी मोकळ्या जागेतल्या झाडाच्या वाट्याला क्वचितच येते. जपानात पिढ्यान् पिढ्या सांभाळलेली, शंभर वर्षांहून जुनी बोन्साय आहेत. हालात असलेलं झाड एवढं जगत नाही.

खरी हानी होते ती डोंगरातून जुनी झाडं उपटून आणण्यात. देवराईतली काडीही आणू नये. खारफुटीला तर २००५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने संरक्षण आहे, तिवराचं रोप ‘वेगळं दिसतं’ म्हणून खाडीतून काढू नका. बी लावणाऱ्याला यातलं काहीच करावं लागत नाही.

घरी पिंपळ लावू नये म्हणतात. आणि वटपौर्णिमेला कुंडीतला वड चालतो का?

घरातल्या मोठ्यांना पिंपळ नको वाटत असेल तर उंबर लावा, मन दुखवून झाड वाढवण्यात आनंद नाही. कुंडीतल्या वडाची पूजा अनेक घरांत होते, आणि बाजारात तोडून आणलेल्या फांद्यांपेक्षा ते कितीतरी चांगलं. फक्त दोरा पूजेनंतर सोडवा. जून म्हणजे वाढीचा काळ, तो तारेसारखाच रुततो.

बिया किती लावू? आणि उरलेल्या रोपांचं काय?

निदान वीस-पंचवीस चिंचोके पेरा. काही रुजणार नाहीत, काही मरीने जातील, काहींची मुळं एकाच बाजूला निघतील. मुळं धुताना जी पाच-सहा उत्तम दिसतील ती पेट्यांत ठेवा. उरलेली चिंच बांधावर किंवा रस्त्याकडेला जूनमध्ये लावा, दोन झाडांत तीस फूट तरी अंतर हवं. वड आणि उंबर मात्र घर, विहीर आणि चिऱ्याच्या भिंतीपासून चांगले लांब न्या. त्यांची मुळं सांध्यांत शिरली की बांधकाम उकलतात. गावात मोकळी गुरचरण असेल तर ग्रामपंचायतीला विचारून तिथे लावलेली बरी, आणि पहिली दोन वर्षं गुरांपासून राखायला काट्यांचं कुंपण करावं लागेल.